आर्डिथमावशीच्या गाडीचे चार आवाज

माणूस गॅरेजमध्ये येतो आणि गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवतो, ते बघायला मला फार आवडतं. शेकडो गाईंचा मालक, मिशीला बर्फ चिकटलेला, गावात कुणाशी धड न बोलणारा. तोच माझ्यासमोर उभा राहून ‘घुर्र-टक, घुर्र-टक’ करतो. मी मुद्दाम म्हणते, “पुन्हा काढ, नीट कळलं नाही.” कळलेलं असतं. मला पहिल्याच वेळी कळतं. पण वाळूच्या टेकड्या, गवत, गाई आणि वारा सोडून इथे दुसरी करमणूक ती काय?

माझं नाव डार्ला. नेब्रास्काच्या या टेकड्यांमध्ये आमच्या गावाला एकच गॅरेज आहे आणि ते माझं आहे, त्याआधी ते माझ्या बापाचं होतं. आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखण्यात या जिल्ह्यात माझ्या तोडीचं कुणी नाही. ही बढाई नव्हे. बढाई मारायची असती तर मी ‘राज्यात’ म्हटलं असतं.

फेब्रुवारी संपता संपता रॉडनी सोरेन्सन आईची जुनी पिकअप घेऊन आला. रॉडनी आणि मी शाळेत एका वर्गात होतो. तो आता लिंकनला विम्याच्या कचेरीत असतो आणि त्याचे बूट नेहमी स्वच्छ असतात. शेजारच्या सीटवर त्याची आई, आर्डिथमावशी, हाताची घडी घालून बसली होती. पंचाहत्तरी उलटलेली, काटक बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. शरद ऋतूत तिच्या कमरेचा सांधा बदलला, तेव्हापासून घोडा बंद. नाताळात गडी काम सोडून गेला. राहिल्या गाई, ती आणि ही पिकअप.

“काय होतंय गाडीला?” मी विचारलं.

“काय होत नाही ते विचार. चार-चार आवाज येतात.”

“काढून दाखव.”

“मी नाही काढणार.”

“मग मी बॉनेट उघडणार नाही.”

त्याने मागे वळून रस्त्यावर कुणी नाही ना ते बघितलं आणि घसा खाकरला. “सकाळी सुरू केली की टिक-टिक-टिक. गिअर टाकला की ठण्ण! वेग घेतला की मागून उंऽऽऽ. आणि अगदी हळू चालली की चिर्र, चिर्र, चिर्र.”

“वा! शाळेच्या नाटकात झाड झाला होतास त्यापेक्षा बरं केलंस.”

“गाडीला काही झालेलं नाही,” मावशी काचेतून म्हणाली. “म्हातारी झालीय. माझेपण सांधे वाजतात, म्हणून मला विकाल का?”

“गाडी नाही गं आई, गाई विकायच्या म्हणतोय मी.”

हे ऐकून मी हातातलं फडकं खाली ठेवलं. रॉडनीने सगळं सांगितलं. मार्चमध्ये गाई विणार. हिवाळाभर त्या उत्तरेच्या कुरणात असतात, आणि मावशी रोज सकाळी एकटी पिकअप घेऊन त्यांना पेंड घालायला जाते. तिथे टेकडीच्या माथ्यावर फोन लागतो, खाली उतरलं की नाही. “हिमवादळ आलं, गाडी बंद पडली, आणि ही पायी निघाली तर? बर्फ वितळल्यावर वसंतात सापडेल आम्हाला.” मी त्याची थट्टा केली नाही, कारण आमच्याकडे तशी माणसं गेलेली आहेत. “म्हणून आमचं ठरलंय. या हिवाळ्यात गाडी दगा देणार नाही, आणि वादळाआधी गाई हिच्या हिला घरी आणता आल्या, तर गाई राहतील. नाहीतर वसंतात बाजार.”

“कुणाचं ठरलंय?”

“आम्हा दोघांचं.”

मावशी समोरच्या काचेकडे बघत होती. “माझ्या गाई मला ओळखतात,” ती म्हणाली. “घोडा नको, कुत्रा नको, ओरडायला नको. मी दिसले की येतात. हा आपला उगाच घाबरतो.”

मोठ्या गावातल्या कुणा शहाण्याने रॉडनीला सांगितलं होतं, इंजिन गेलं, नवं टाका. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला! मी गाडी रात्रभर बाहेर थंडीत ठेवली आणि सकाळी सुरू केली. टिक-टिक आली. रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं इंजिनभर फिरवलं, डॉक्टर छातीवर फिरवतो तसं. इंजिनाच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे धूर बाहेर पडायचा लोखंडी मार्ग बसवलेला असतो, तिथे नळीने कानात थप्पड मारली. एक बोल्ट तुटला होता आणि फटीतून धूर फुसफुसत होता. इंजिन तापल्यावर लोखंड फुगलं, फट मिटली आणि आवाज विरला. आतलं काही मरत असतं तर आवाज तापल्यावर वाढला असता. इंजिन ठणठणीत होतं.

‘उंऽऽऽ’ तर त्याहून सोपा. पाय दाबला की येतो, उचलला की जातो, म्हणजे मागच्या ॲक्सलवरचं गिअरचं डबडं. तेलाचं भोक उघडून बोट घातलं तर बोट जवळजवळ कोरडं. मी इतक्या शिव्या घातल्या की दारातलं मांजर उठून गेलं. बेअरिंग बदललं, सील बदललं, तेल भरलं.

उरलेले दोन आवाज शाफ्टचे. इंजिनाकडून मागच्या चाकांकडे एक लांब पोलादी दांडा जातो, त्याच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखा एकेक क्रॉस असतो. तो हलता सांधा असतो, म्हणून तर खड्ड्यात गाडी खालीवर झाली तरी दांडा फिरत राहतो. पुढचा क्रॉस ढिला झाला होता, म्हणून ठण्ण. मागचा ढिला नव्हता, पण आतलं ग्रीस कधीच संपून गंज धरला होता, म्हणून चिर्र. दोन्ही नवे टाकले.

शनिवारी दुपारी दोघं गाडी न्यायला आली. मावशीने किल्ली फिरवली आणि माझ्याकडे बघितलं. “सुरू झाली का?”

“बॉनेटवर हात ठेवून बघ.”

तिने खरंच उतरून हात ठेवला. “मेली, झोपल्यासारखी वाटते,” ती म्हणाली, पण खूश झाली होती. जुने काढलेले भाग मी कॉफीच्या रिकाम्या डब्यात घालून तिच्या पायाशी ठेवले. हा माझ्या बापाचा नियम. काय काढलं ते गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे, म्हणून क्रॉससुद्धा मी सुटा करत नाही, टोकांवरच्या टोप्यांसकट तारेने बांधून देते. लोक तो डबा नेऊन गोठ्यात ठेवतात आणि जन्मभर फेकत नाहीत. निघताना मावशीने स्टेअरिंगवरून एक बोट उचललं, आमच्याकडे सगळे करतात तसा रामराम. रॉडनीने सबंध हात हलवला. लिंकनला राहून माणूस बिघडतो.

रविवारी सकाळी रेडिओवाला सांगत होता की संध्याकाळी उत्तरेकडून हिमवादळ येतंय. चर्चमध्ये त्या दिवशी चिलीचं, म्हणजे मांस-घेवड्याच्या तिखट रश्श्याचं, जेवण होतं आणि माझ्याकडे नेहमीप्रमाणे दालचिनीचे रोल आले होते. मोठं ताट झाकून गाडीत ठेवते आहे, तेवढ्यात रॉडनीचा फोन आला.

“डार्ला, तू गाडीला काय केलंस?”

“का? आवाज येतोय?”

“नाही गं! काहीच आवाज येत नाही. गाई येत नाहीत!”

वारा फोनमध्ये घोंघावत होता. “दोन दिवस गाडी तुझ्याकडे होती, शेजाऱ्याने ट्रॅक्टरने गवताचे गठ्ठे टाकले. आज पहिल्यांदाच आई गेली. गाई बघतात आणि मान खाली घालतात. शेजारी आपापल्या गाई आणायला गेलेत. तू ये.”

मी रोलसकट निघाले. माझं निदान चुकलं नव्हतं, हे मी वाटेत स्वतःला अनेकदा बजावलं. चारही आवाज बरोबर ओळखले होते, चारही घालवले होते. तरी माझा पाय ॲक्सिलरेटरवरून उठत नव्हता.

कुरणाच्या फाटकापाशी आभाळ उत्तरेला निळंकाळं झालं होतं. पिकअप टेकडीच्या पायथ्याशी उभी. रॉडनीच्या गुडघ्यापर्यंत वाळू आणि शेण लागलं होतं. त्याने पायी धावून गाई वळवायचा प्रयत्न केला होता, आणि गाई चारी दिशांना फुटल्या होत्या. आता त्या पुन्हा पलीकडच्या खोलगट भागात गोळा होऊन निवांत चरत होत्या. तिथेच राहिल्या तर वारा त्यांना ढकलत कुंपणाच्या कोपऱ्यात नेणार, एकीवर एक चढणार, आणि पोटातल्या वासरांसकट सकाळी बर्फाचा ढीग होणार. इथल्या प्रत्येकाला हे दृश्य ठाऊक आहे, मला त्याबद्दल जास्त बोलायचं नाही.

मावशी स्टेअरिंगमागे बसली होती. तिचे डोळे लाल होते, आणि ते वाऱ्याने नव्हते.

“ओळखलंच नाही गं मला,” ती म्हणाली. “बुची तर दहा पावलांवर होती. माझ्याकडे बघितलं आणि पाठ फिरवली. हाका मारल्या, पेंडीचं पोतं वाजवलं. कुणीतरी परकी बाई आल्यासारखं केलंन्.”

बुची म्हणजे कळपातली पुढारी. वासरू असताना थंडीने तिचे कान गळून पडले होते, मावशीने तिला स्वयंपाकघरात ठेवून वाचवलं होतं. ती जाईल तिकडे बाकीच्या जातात.

“जाऊ दे, आई,” रॉडनी हळूच म्हणाला. “तू प्रयत्न केलास. घरी चल.”

“गाई सोडून?”

“आपलं ठरलं होतं ना?”

तिने स्टेअरिंगवरचे हात काढले नाहीत. मला त्या क्षणी रॉडनीचा राग आला, आणि त्याचं चुकत नव्हतं म्हणून जास्तच आला.

“दोघं गप्प बसा,” मी म्हणाले. “मला ऐकू दे.”

“काय ऐकणार? काही वाजतच नाही!” रॉडनी म्हणाला.

“तेच ऐकतेय.”

मी वाऱ्याला पाठ करून उभी राहिले. गाई गाडी बघूनही येत नव्हत्या, म्हणजे गाडी दिसली म्हणून त्या कधी येतच नव्हत्या. शिकाऱ्यांच्या, शेजाऱ्यांच्या किती पिकअप या कुरणातून जातात, त्यांच्या मागे कुणी जात नाही. त्या खोलगटात चरत असत आणि टेकडीमागून गाडी दिसायच्या आधीच माथ्यावर येऊन उभ्या राहत, हे मावशीनेच मला कितीदा कौतुकाने सांगितलं होतं. न दिसता कळायचं म्हणजे ऐकून. आणि जे त्या ऐकत होत्या ते मी डब्यात घालून दिलं होतं.

पण चारांतलं कोणतं? टिक-टिक नव्हे. घरापासून इथवर येईतो इंजिन तापतं आणि ती मिटते. ठण्ण एकदाच, गिअर टाकताना, तोही अंगणातच. उंऽऽऽ वेग घेतल्यावर, आणि पेंड घालताना कुणी वेग घेत नाही. उरला एकच, गाडी चालत्या माणसाच्या गतीने रांगते तेव्हाचा, बारीक, धारदार, वाऱ्यातून लांब जाणारा.

कितीही खात्री असली तरी साक्षीदार विचारावा, हा माझा स्वतःचा नियम. “रॉडनी, तू आईला रोज सकाळी फोन करतोस ना? माथ्यावर, ती पेंड टाकत असताना?”

“हो.”

“मागे काय ऐकू येतं?”

तो थबकला. या वेळी त्याने रस्त्याकडे बघितलं नाही. “चिर्र, चिर्र, चिर्र. सारखं. निम्मं बोलणं कळायचं नाही, इतका वैतागायचो मी. पण...” तो आईकडे बघायला लागला. “पण तो आला की कळायचं, पोचली. ठीक आहे.”

“कसला आवाज?” मावशी म्हणाली. “मला कधीच काही ऐकू आलं नाही.”

“वयाने बारीक आवाज आधी जातात, मावशी. तुला येत नव्हता म्हणून तुला वाटलं, त्या तुला बघून येतात.”

हे बोलल्यावर मला जीभ चावावीशी वाटली. पण मावशी रडली नाही. ती वाकली, पायाशी चाचपडली आणि कॉफीचा डबा वर काढला. “मग बस की लवकर कामाला!”

माझ्या गाडीतून हत्यारं काढली, पिकअपखाली झोपायला फळी टाकली. शाफ्ट सोडवायला रॉडनी माझ्या शेजारी चांगल्या कोटासकट वाळूत आडवा झाला आणि पोलादी दांडा छातीवर तोलून धरला. दांडा बाहेर काढून पिकअपच्या मागच्या फळीवर ठेवला, हातोडीने नवाकोरा, ग्रीसने तुपासारखा भरलेला क्रॉस ठोकून बाहेर काढला, आणि त्याच्या जागी तो गंजका ठोकून बसवला. बाप वरून बघत असला तर त्याने डोळे झाकले असतील. चांगला भाग काढून वाईट बसवायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. बोटं थंडीने बधिर झाली होती, क्रॉस जागेवर धरणारं बारीक लॉक दोनदा वाळूत पडलं, आणि उत्तरेचं आभाळ निम्मं अंगावर आलं होतं.

“हा तुटला तर?” रॉडनी दातांवर दात आपटत म्हणाला.

“कोरडा आहे, ढिला नाही. तुटायच्या आधी ढिला होऊन ठण्ण वाजेल, महिनाभर आधी. आणि मागचा शाफ्ट अख्खा गळून पडला ना, तरी पुढची चाकं तिला घरापर्यंत ओढत नेतील. चारही चाकांना जोर आहे या गाडीत. मी सांगतेय.”

“तू सांगतेयस म्हणून काय झालं?”

“तूच सांग, माझं कधी चुकलंय?”

तो हसला. त्या दिवसातलं त्याचं पहिलं हसू.

मावशीने गिअर टाकला. ठण्ण नाही. गाडी रांगायला लागली आणि खालून आला, कोरडा, चिरका, दात शिवशिवणारा, माझ्या धंद्याला काळिमा फासणारा आवाज. चिर्र. चिर्र. चिर्र. मी मावशीशेजारी बसले होते. तिला तो ऐकू येत नव्हता. ती स्टेअरिंग घट्ट धरून माथ्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते.

माथ्यावर काही नव्हतं. गवत, वारा, आभाळ. आम्ही अर्धी टेकडी वळसा घालून गेलो. माझ्या मनात आलं, डार्ला, कानाला खडा, पुन्हा कधी ‘माझ्या तोडीचं कुणी नाही’ म्हणू नकोस.

आणि बुचीचं कान नसलेलं डोकं वर आलं.

ती क्षणभर थांबली आणि मग उतारावरून सुटली, पोट दोन्ही बाजूंना हेलकावत. तिच्यामागे दुसरी, मग पाच-सहा, मग सगळा माथा काळा झाला. मावशीने गाडी थांबवली नाही. ती हसत होती आणि गाल ओले होते, आणि बुची तिच्या खिडकीला नाक लावून चालत होती.

“आली गं माझी बाय,” मावशी म्हणाली. “आली.”

मी खिडकीतून मुठी बाहेर काढून ओरडले. काय ओरडले ते छापण्यासारखं नाही.

रॉडनी पुढे पळत एकेक फाटक उघडत गेला. घरामागच्या, वारा अडवणाऱ्या देवदारांच्या दाट रांगेआड शेवटची गाय आत शिरली तेव्हा पहिला बर्फ आडवा यायला लागला होता. रॉडनीने मोजदाद केली, आईनेही केली, आणि दोघांचा आकडा जुळला.

रस्ते बंद होणार होते, म्हणून मी तिथेच राहिले. स्वयंपाकघरात मावशीने चिली गरम केली, चर्चसाठीचे रोल आम्हीच चिलीबरोबर खाल्ले. बाहेर वारा घराला धडका देत होता.

“म्हणजे इतकी वर्षं त्या गंजक्या तुकड्याला ओळखत होत्या,” मावशी म्हणाली. “मला नाही.”

मी तिच्या वाटीत आणखी चिली वाढली.

रॉडनीने चमचा ठेवला. “मीपण त्यालाच ओळखत होतो, आई. रोज सकाळी. तू बोलायच्या आधी तो यायचा.” मग त्याने कॉफीचा डबा जवळ ओढला. त्यात आता माझा नवाकोरा क्रॉस होता. “हा मी लिंकनला नेतो. नाहीतर ही गॅरेजवाली बया कधीतरी चोरून बसवेल. डार्ला, तू दर शरदात तेल बघायचंस, पुढचा क्रॉस बघायचास, मागच्याला हात लावायचा नाहीस.”

“दर शरदात?” मावशीने विचारलं. “आणि वसंतातला बाजार?”

“बाजाराला जायला आपल्याकडे काय आहे? गाई घरीच राहणार, आणि वासरं तर अजून झाली नाहीत.”

मावशीने ताटलीतला उरलेला रोल उचलून त्याच्या पुढ्यात ठेवला. मग तिने खुर्ची त्याच्याजवळ सरकवली आणि डोकं त्याच्या तोंडापाशी नेलं.

“कसा येतो रे तो आवाज? काढून दाखव.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. त्याने घसा खाकरला आणि आईच्या कानाशी, आपल्या जाड आवाजात, तिला ऐकू येईल असा काढला. “चिर्र. चिर्र. चिर्र.”

मावशी डोळे मिटून ऐकत होती.

“पुन्हा काढ,” ती म्हणाली. “नीट कळलं नाही.”